कथलाच्या डोंगरावरची जांभळी बाभूळ

रत्नागिरीला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवताना बाभळीच्या कुळाशी आले की मी एक वाक्य हमखास सांगायची: अकेशियाची फुलं पिवळी असतात, नाहीतर पांढरट. तीस वर्षं सांगितलं. निवृत्तीनंतर एका सकाळी ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून भाचीचा मेसेज आला. सोबत एक फोटो होता. दगडगोट्यांत टेकलेलं बुटकं झुडूप आणि त्यावर बाभळीच्या फुलासारखेच गोंडे, पण जांभळट गुलाबी. खाली लिहिलं होतं, "मावशी, ही तुझी बाभूळच ना?"

तिचीच बहीण होती ती. अकेशिया पर्प्युरिओपेटला. नावाचा अर्थच जांभळ्या पाकळ्यांची. ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या हजाराच्या आसपास जाती आहेत आणि तिथले लोक त्यांना वॅटल म्हणतात. त्या जवळजवळ सगळ्या पिवळ्या किंवा सायीच्या रंगाच्या. क्रिकेट संघाचा हिरवा-पिवळा रंगही वॅटलचाच. त्या सगळ्या पिवळ्या पसाऱ्यात ही एक जांभळी. ती उत्तर क्वीन्सलंडमध्ये हर्बर्टन आणि अर्व्हाइनबँक या दोन जुन्या खाणगावांच्या आसपासच्या थोड्या टेकड्यांवरच मिळते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्यात तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या आधीची शेवटची पायरी.

भाची नोकरीनिमित्त केर्न्सलाच असते. 'ये' असं ती पाच वर्षं म्हणत होती. या फोटोनंतर मी तिकीट काढलं.

पहिला दिवस : उसातून जंगलात, जंगलातून माळावर

जुलैचा महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. केर्न्सला हिवाळा म्हणजे आपला डिसेंबर, अंगात पातळ स्वेटर असला तरी पुरे. सकाळी भाची, जावई आणि मी असे तिघे निघालो. गॉर्डनव्हेलपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी-गाळपाचा हंगाम चालू होता आणि रस्त्याला लागून अरुंद रुळांवरून उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या छोट्या आगगाड्या धावत होत्या. मळीचा तोच ओळखीचा वास. कोल्हापूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे अडकल्यावर येतो तो.

तिथून गिलीज रस्ता सुरू होतो. १९ किलोमीटरमध्ये २६३ वळणं. ज्यांना घाट लागतो त्यांनी सकाळी पोटभर खाऊ नये आणि पुढच्या सीटवर बसावं. मला लागत नाही, त्यामुळे मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसले होते. वर चढत जाल तसं वर्षावन दाट होत जातं. फांद्यांवर नेच्यांची घरटी, झाडांना विळखे घालणारे वेत. युंगाबुर्राजवळ 'कर्टन फिग' नावाचा, दुसऱ्या झाडाचा गळा आवळणारा एक वड पाहिला. ज्या झाडावर तो वाढला ते शेजारच्या झाडावर कललं, आणि त्याची मुळं तिरक्या बुंध्यावरून पडद्यासारखी थेट जमिनीपर्यंत उतरली. त्यासाठी अर्धा तास पुरे.

खरी गंमत त्यापुढे आहे. अथर्टन सोडून हर्बर्टनची डोंगररांग ओलांडली की गाडीच्या एका वळणात जंगल संपतं. महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे वाईकडे उतरताना पाऊस जसा पाठीमागे राहून जातो, अगदी तसंच. समुद्राकडचे ढग पूर्वेच्या उतारावरच रिकामे होतात आणि पश्चिमेला येतात ते कोरडे. उंच हिरवी झाडं जाऊन विरळ निलगिऱ्या आल्या, त्यांच्याखाली पिवळं गवत आणि गवतातून डोकावणारे खडक. भाची म्हणाली, "इथे काय पाहायचं असतं कोणाला, सगळे मागेच थांबतात." मला मात्र गाडी थांबवून उतरावंसं वाटत होतं. हा माझा माळ होता.

हर्बर्टन समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. संध्याकाळी पाचनंतर असा गारठा उतरला की खोलीतल्या छोट्या शेगडीवर मी थालीपिठं लावायला घेतली. भाजणी रत्नागिरीहून नेली होती. (विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहावी, काहीही लपवू नये. मी भाजणी दाखवली, काय काय भाजून दळलंय ते सांगितलं. अधिकारी बाईंनी वास घेतला, हसल्या आणि जाऊ दिलं. अख्खं बी, कच्ची डाळ, मिरचीचं रोप असलं काही मात्र नेऊच नये.)

दुसरा दिवस : कथील, आणि रिकामे हात

हर्बर्टन वसलं ते कथलामुळे. १८८० साली इथे कथलाची शीर सापडली, 'ग्रेट नॉर्दर्न' खाण सुरू झाली आणि गाव उभं राहिलं. गावाला लागूनच जुन्या इमारती, दुकानं, यंत्रं जतन केलेलं मोठं संग्रहालय-गाव आहे. जुना छापखाना, लोहाराची भट्टी, शाळा. आत एका फळीवर काळपट, जड खडे ठेवले होते. हेच कथलाचं खनिज. मला आजीच्या अंगणातला कल्हईवाला दिसायला लागला. भाता, नवसागराचा धूर, तापलेल्या पातेल्यावर कापसाच्या बोळ्याने फिरवलेली ती चांदीसारखी लकेर. भाचीला कल्हई म्हणजे काय ते सांगावं लागलं. तिने पितळी भांडी फक्त शोकेसमध्येच पाहिली आहेत.

संग्रहालयाला अर्धा दिवस लागतो, घाई करू नये.

दुपारी आम्ही पश्चिमेकडच्या रस्त्याने निघालो. वाचलेलं सगळं डोक्यात होतं: उताराची, गोट्यांनी भरलेली, पातळ मातीची जमीन, विरळ निलगिरी, मधूनमधून कॅलिट्रिस नावाचा तिकडचा सूचिपर्णी वृक्ष. पण तशी जमीन तिथे मैलोन्मैल आहे. डांबरी रस्त्याच्या कडेने थांबत थांबत तीन तास पाहिलं. पिवळ्या वॅटल भरपूर. जांभळी एकही नाही.

एका ठिकाणी मात्र भाचीला मी खाली बसवलं. रस्त्याकडेच्या कापलेल्या मातीत कुठल्याशा वॅटलचं वीतभर रोप उगवलं होतं. त्याची खालची दोन पानं थेट आपल्या बाभळीसारखी, बारीक बारीक दलांची, पिसासारखी. त्याच्या वरचं पान अर्धं-अर्धं होतं, टोकाला पीस आणि देठ मात्र चपटा, रुंद झालेला. त्याच्या वर पीस संपलेलं, फक्त चपटा देठच पान होऊन बसलेला. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक वॅटलना आपण पान म्हणतो ते पान नसतंच, तो देठ असतो. पाणी वाचवायला या झाडांनी पानं सोडली आणि देठांकडून काम करून घेतलं. कोकणात आणि गोव्यात सामाजिक वनीकरणात लावलेली 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' तुम्ही पाहिली असेल, कोयत्यासारख्या पानांची. ते कोयतेही देठच. वीतभर रोपट्यात हा सगळा बदल तीन टप्प्यांत उलगडून दाखवलेला होता. वर्गात फळ्यावर मी तो कितीदा काढलाय, पण असा पायऱ्यापायऱ्यांनी एका रोपावर पहिल्यांदा पाहिला.

पुढे अर्व्हाइनबँककडे जायचं होतं, तेव्हा अडचण लक्षात आली. भाड्याच्या गाडीच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा लागू नाही. आणि अर्व्हाइनबँकच्या वाटेवर कच्चे पट्टे आहेत. गाडी घेताना आम्ही दोनदा विचारलं होतं, दोनदा 'काही हरकत नाही' असंच उत्तर मिळालं होतं. म्हणून सांगते, तोंडी उत्तरावर जाऊ नका, करारातलं ते कलम स्वतः वाचा.

संध्याकाळी गावातल्या बेकरीत 'मीट पाय'च्या, म्हणजे आत मांसाचं सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या वासात आम्ही भाजीचा 'पाय' मिळतो का ते विचारत होतो, आणि जावई गाडीबद्दल चौकशी करत होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या सत्तरीच्या एक बाई म्हणाल्या, "तिकडे कशाला जायचंय?" मी फोटो दाखवला. त्यांचा चेहराच बदलला. त्या अर्व्हाइनबँकच्याच. वडील कथलाच्या गिरणीत होते. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. फुलं तोडणार का? जागा कुठे लिहिणार का? बूट धुतलेले आहेत का? तिसऱ्या प्रश्नावर मी म्हटलं, नाहीत. "मग आज रात्री धुवा. मी उद्या सामान न्यायला येतेच आहे, माझ्या गाडीत बसा."

तिसरा दिवस : अर्व्हाइनबँक

रात्री तिघांचे बूट घासले. तळव्याच्या खाचांतून केर्न्सची, अथर्टनची माती निघाली आणि गवताची कुसळं. परक्या गवताचं एक बी असल्या टेकडीवर पोचलं तर पुरतं. ते गवत उंच वाढतं, वाळतं आणि वणवा भडकवतं. अशा भागात जाणाऱ्या प्रत्येकाने जुना टूथब्रश सोबत ठेवावा.

बाईंची गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली 'यूट'. हौद्यात त्यांचा कुत्रा, पिंपं आणि सामान. वाटेत कुत्रा भुंकला तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा सगळा मुलूख बार-बारम, म्हणजे म्बाबरम लोकांचा. त्यांच्या भाषेचा शोध घेत १९६० च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ इकडे आले. आल्बर्ट बेनेट नावाच्या वृद्ध जाणकारांना त्यांनी कुत्र्याला काय म्हणता ते विचारलं. उत्तर आलं, "डॉग." हा शब्द इंग्रजीतून उचललेला नव्हे, त्यांचा स्वतःचा, शेजारच्या भाषांतल्या शब्दाच्याच मुळापासून नियमाने घडत आलेला. दोन भाषा जगाच्या दोन टोकांना, आणि शब्द एकच. कुलसंबंध ठरवताना नुसत्या सारखेपणावर जाऊ नये, याचा दाखला म्हणून भाषाशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण देतात. आमच्या शास्त्रातही हेच शिकवावं लागतं, म्हणून मला ते फार आवडलं.

अर्व्हाइनबँक आता अगदी लहान गाव आहे. एकेकाळी जॉन मोफॅट या स्कॉटिश माणसाने इथे गिरण्या, भट्ट्या, डोंगरातून वाट काढणारी छोटी ट्राम असं सगळं उभं केलं होतं. त्याचं दुमजली लाकूड-पत्र्याचं लाउडन हाउस अजून आहे, तिथे संग्रहालय आहे. समोर त्याच्याच वेळचा तलाव. शेजारच्या एका खाणवस्तीचं नाव स्टॅनरी हिल्स, म्हणजे कथलाच्या खाणींच्या टेकड्या. आम्ही तलावाकाठी डबा खाल्ला. बाईंना मेथीची थालीपिठं इतकी आवडली की भाजणीची कृती त्यांनी पाकिटावर लिहून घेतली, धणे-जिऱ्यासकट. (गावात जेवणाची खात्री धरू नका. पाणी, खाणं, भरलेली टाकी हर्बर्टनहूनच न्या. फोनची रेंज वाटेत बराच वेळ नसते.)

मग टेकडी. कुठली, ते सांगणार नाही. बाईंनी आमच्या फोनवरचं लोकेशन आधी बंद करायला लावलं आणि ते बंद झालं की नाही हे स्वतः पाहिलं.

चढ पाऊणएक तासाचा, पण पाय सतत घसरतो. मातीचा थर हाताच्या तळव्याएवढाही जाड नाही. खाली सगळा फुटका, धारदार दगड. आजूबाजूला रुपेरी गोल पानांच्या बुटक्या निलगिऱ्या, काळवंडलेल्या बुंध्यांचे गवती माड. जुन्या खाणीचा एक चर, त्याच्या कडेला गंजलेला पत्रा. बाई पुढे, काठीने दगड चाचपत. एका ठिकाणी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता पाय जिथे आहे तिथेच ठेवा."

मी शोधत होते झुडूप, म्हणजे कमरेच्या उंचीला. ते माझ्या नडगीपर्यंतही नव्हतं. दगडांच्या मधून आडवं पसरलेलं, हात-दीड हात. पानं म्हणजे देठच, अंगठ्याच्या नखाच्या आसपासची. मी गुडघ्यावर बसले, मग हातांवर, मग सरळ पोटावर आडवी झाले. फुलं चारच होती. चार गोंडे, प्रत्येक करवंदाएवढा. लांबून गुलाबी वाटणारा रंग जवळून एकसारखा नव्हता. केसरांचे तंतू फिके जांभळे आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला पिवळा ठिपका. म्हणजे पिवळा होताच, फक्त टोकाला. एका गोंड्यावर मुंगीपेक्षा लहान एक माशी चालत होती. तंतूवरून तंतूवर जाताना तो गोंडा हलत होता, तेवढंच.

भाचीने मागून विचारलं, "मावशी, रडतेस की काय?" होय, रडत होते.

आजूबाजूला आणखी झुडपं होती, बिनफुलांची. मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली. बाई सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. काही टेकड्यांवर खाणीने डोंगरच उचलला. रस्ता रुंद करताना कडेची झुडपं जातात, कारण यंत्र चालवणाऱ्याला ती गवतच वाटतात. गुरं तुडवतात. आणि आग. वॅटलचं बी कठीण कवचाचं असतं, आगीची धग लागली की ते कवच तडकतं आणि पावसात रुजतं, त्यामुळे अधूनमधून लागणारी आग तिची वैरीण नाही. बियांना चिकटलेला मऊ तुकडा खायला मुंग्या त्या बिळात नेतात आणि नकळत पेरून ठेवतात. पण रोप वाढून फुलावर येण्याआधीच दुसरा वणवा आला तर जमिनीतली शिल्लक संपते. पाठोपाठच्या दोन आगी एवढ्याशा वस्तीला पुसून टाकू शकतात.

मी बाईंना आमच्या कातळाबद्दल सांगितलं. रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, पावसात दोन-तीन महिने जी फुलं येतात त्यांतल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि सातबाऱ्यावर त्या जमिनीची नोंद काय असते? 'पोटखराब'. म्हणून तिथे सुरुंग लावून आंब्याची कलमं भरायला, चिरे काढायला कोणी मागेपुढे पाहत नाही. हा शब्द मला त्यांना इंग्रजीत नीट सांगता आला नाही. पोटच खराब असलेली जमीन, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वडील म्हणायचे, कथील नसेल तर हा डोंगर कशाचाच नाही."

कशाचाच नाही, तिथेच ही उभी आहे. चांगल्या मातीत, दाट सावलीत हिचा टिकाव लागत असता तर ती खाली अथर्टनच्या लाल मातीत उतरली असती. हिला हा गोटाच हवा. रोपवाटिकेत वाढवता येईल, पण टेकडी रोपवाटिकेत आणता येणार नाही, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मे ते सप्टेंबर कोरडा, थंड काळ, चढायला बरा. डिसेंबर ते एप्रिल पाऊस, कच्चे रस्ते बंद होऊ शकतात. झाड क्वीन्सलंडच्या कायद्यानेही संरक्षित आहे, पानसुद्धा तोडायचं नाही. स्वतः शोधत उतारावर हिंडू नका, कारण बिनफुलाचं रोप पायाखाली कधी जातं ते कळत नाही. कळलेली जागा कोणत्याही नकाशावर टाकू नका.

उतरताना बाईंनी विचारलं की वॅटलला तुमच्या भाषेत काय म्हणतात. मी म्हटलं, शब्द आहे, पण झाडाचा नाही. वॅटल हे नावच मुळात भिंतीचं. इंग्रज वसाहतवाले या झाडांच्या फांद्या विणून वर माती लिंपायचे, ती वॅटलची भिंत. आम्ही त्याला कूड म्हणतो. संगमेश्वरला माझ्या आजोळच्या माजघराला कारवीचा कूड होता, शेणमातीने सारवलेला, आणि पावसाळ्यात त्याचा ओला वास यायचा. बाई थांबल्या आणि "कूड" असं दोनदा म्हणाल्या.

चौथा दिवस : परत

परतताना मरीबामार्गे आलो. तिथली कॉफी चांगली आहे, मळ्यातच भाजून देतात. जावयाने वाटेत विचारलं, "मावशी, मग आपल्या बाभळीला आता अकेशिया नाही म्हणत, हे खरं?" खरं आहे, आणि मला ते सोपं गेलं नव्हतं. अकेशिया हे नाव पूर्वी आपल्या बाभळीवरून ठरलेलं होतं. पण वंशावळ तपासल्यावर हे एकच मोठं कुटुंब नाही हे कळलं, आणि २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या वॅटलकडे गेलं. २०११ ला मेलबर्नमध्ये ते कायम झालं. बाभूळ वॅचेलिया झाली, खैर सेनेगॅलिया झाला. तेव्हा मी चिडले होते, कॉलेजात भांडलेही होते. टेकडीवर पोटावर आडवी असताना मात्र त्या नावाचा राग एकदाही आठवला नाही.

केर्न्सला पोचलो तो शुक्रवार होता, म्हणून रस्टीज मार्केट चालू होतं (शुक्रवार ते रविवार असतं, सकाळीच जा). फणस, चिकू, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा. रात्री शेंगांची आमटी केली.

जेवण झाल्यावर भाचीने फोटो काढून पाहिले. तिने एकूण एकतीस काढले होते. सव्वीस माझ्या सावलीने काळे झालेले, चारांत वाऱ्याने हललेली फुलं. एक मात्र नेमका आला होता: चार गोंडे, एक माशी, आणि कोपऱ्यात माझ्या धुतलेल्या बुटाचं टोक. तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा मेसेज होता. भाजणीतले धणे आधी भाजायचे की डाळींबरोबर?

मी लिहिलं, वेगळे, मंद आचेवर, सगळ्यात शेवटी.